मनगटावरचे ऊन आणि अंगातला नायट्रोजन

पाऊस सरला, मालवणच्या किनाऱ्यावरचे पाणी निवळू लागले की 'स्कूबा'चे फलक पुन्हा उभे राहतात. तारकर्ली, देवबाग, दांडी किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची रांग लागते. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रशिक्षकाचा हात धरून सात-आठ मीटर खाली जातात, माशांबरोबर फोटो काढून घेतात आणि वर येऊन सुरमईच्या थाळीवर ताव मारतात. त्यांना कुठल्याही यंत्राची गरज नसते. मात्र त्यांच्यातूनच आता एक वेगळा वर्ग तयार होतो आहे. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या प्रशिक्षण संस्थेत, गोव्यात किंवा अंदमानात रीतसर शिकून प्रमाणपत्र घेतलेले हे हौशी लोक वर्षातून दोन-तीनदा समुद्रात उतरतात आणि हळूहळू स्वतःचे सामान जमवतात. मुखवटा आणि पायातले पर झाले की पुढची मोठी खरेदी असते ती मनगटावर बांधायच्या डायव्ह कॉम्प्युटरची. त्यातही सध्या ओढा आहे तो उन्हावर चार्ज होणाऱ्या मॉडेलकडे.

ओढा समजण्यासारखा आहे. गच्चीवरच्या सौरबंबाने आपल्याला फुकटच्या उन्हाची सवय लावलेली आहे. सेल बदलायला दुकान शोधायला नको, होडीवर चार्जरची वायर नको, सेलच्या झाकणातून खारे पाणी शिरण्याची भीती नको. हे सगळे फायदे खरेच आहेत. पण घेणारा माणूस चार्जिंगच्या दिवसांची तुलना करत बसतो आणि हे यंत्र शरीराच्या वतीने नेमका कसला हिशेब ठेवते, हे विचारायचे राहून जाते. वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर माणूस किनाऱ्याच्या तिप्पट दाबाची हवा श्वासात घेतो. त्या हवेतला ऑक्सिजन शरीर वापरते. नायट्रोजन मात्र वापरला जात नाही, तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, सांधे, मज्जारज्जू यांत विरघळत राहतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका साठा अधिक. वर येताना दाब सावकाश कमी झाला तर हा नायट्रोजन फुप्फुसांवाटे निमूट बाहेर पडतो. घाईने वर आले तर सोड्याच्या बाटलीचे झाकण एकदम उघडल्यासारखे होते. बुडबुडे रक्तात आणि ऊतींमध्येच तयार होतात. सांधे ठणकणे, हातापायांना मुंग्या येणे, अंगावर चट्टे, भोवळ आणि वाईट वेळी कमरेखालची ताकद जाणे, लघवी अडणे, ही त्याची रूपे.

हा आजार पूल बांधणाऱ्या मजुरांनीही भोगला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांमध्ये बसून खोदले गेले. तिथून वर आलेले मजूर वेदनेने वाकून जात. पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या आजाराने अपंग झाले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी १८७८ मध्ये याचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे असे दाखवले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बोकड-शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ मध्ये वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. शरीराचे सगळे भाग नायट्रोजन एकाच वेगाने घेत-सोडत नाहीत, ही त्यांची कळीची कल्पना होती. रक्त आणि मेंदू पटकन भरतात व पटकन रिकामे होतात. चरबी आणि सांधे सावकाश. हॉल्डेन यांनी अशा वेगवेगळ्या वेगांचे पाच कप्पे कल्पिले होते. झुरिचचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी ते सोळांवर नेले. त्यातला सर्वात चपळ कप्पा चार मिनिटांत अर्धा भरतो, सर्वात मंद कप्प्याला तेवढ्यासाठी ६३५ मिनिटे लागतात.

मनगटावरचे यंत्र करते ते एवढेच. दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजते, त्यावरून सोळा काल्पनिक कप्प्यांत किती नायट्रोजन साठला याचा हिशेब करते आणि 'या खोलीवर अजून किती मिनिटे थांबलात तर थेट वर येता येईल' तो आकडा पडद्यावर दाखवते. साध्या हवेवर दिवसातल्या पहिल्या बुडीला अठरा मीटरवर ही मुदत पन्नास ते साठ मिनिटांच्या आसपास असते, तीस मीटरवर ती पंधरा-वीस मिनिटांवर येते. दुसऱ्या बुडीला आधीचा साठा अंगात शिल्लक असल्याने ती आणखी आटते. पूर्वी हे कोष्टकांवरून काढावे लागे. १९८३ च्या सुमारास बाजारात आलेल्या पहिल्या डायव्ह कॉम्प्युटरांनी ते काम सोपे केले आणि त्यांचे उपकार मोठेच आहेत.

तरीही हा आकडा मापन नसून अंदाज आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रक्तदाबाचे यंत्र रक्तदाब मोजते. डायव्ह कॉम्प्युटर नायट्रोजन मोजत नाही, एका सरासरी माणसाच्या अंगात तो किती असेल हे गणिताने सांगतो. खोक्यावर 'ईएन १३३१९' असा युरोपीय मानकाचा क्रमांक अभिमानाने छापलेला असतो. हे मानक खोली आणि वेळ यांच्या मोजणीपुरते आहे. वर येण्याच्या गणिताची हमी त्याच्या कक्षेतच नाही. दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आता उन्हाकडे येऊ. सौर मॉडेल दोन प्रकारची मिळतात. एका प्रकारात सेल केवळ प्रकाशावरच चार्ज होतो. दुसऱ्यात वायर लावून चार्ज करायची सोय असते आणि ऊन त्याला हातभार लावते. बाजारात चर्चेत असलेले गार्मिनचे डिसेंट जी-वन सोलर, जे २०२२ मध्ये आले, ते दुसऱ्या प्रकारातले. उन्हामुळे किती दिवस वाढतात याचा हिशेब कंपनी एका गृहीतावर मांडते: घड्याळ दिवसभर हातात असेल आणि रोज तीन तास पन्नास हजार लक्स प्रकाशात असेल. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते, म्हणजे शेतात किंवा होडीवर राबणाऱ्याला हे सहज जमेल. पण ही घड्याळे घेतो कोण? हिंजवडीत किंवा पवईत बसणारा नोकरदार. चांगला उजेड असलेल्या कार्यालयात जेमतेम पाचशे लक्स असतात, तेही शर्टाच्या बाहीखाली पोचत नाहीत. त्याच्यासाठी सौर म्हणजे 'वायर थोडी उशिरा लावावी लागणे', एवढाच अर्थ उरतो.

पाण्याखाली तर ऊन मोजायलाच नको. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि आपल्या किनाऱ्यावर गढूळ दिवशी चार मीटरपलीकडचा सोबती दिसत नाही, तिथे चार्जिंग कसले? खर्च मात्र तिथेच सर्वाधिक असतो, कारण दाबमापक सतत चालू, अलार्म चालू, मागचा दिवा चालू. म्हणून होडीवर जाण्याच्या आदल्या रात्री सेल पूर्ण भरलेला आहे ना, ते पाहणे सौर यंत्रालाही चुकत नाही.

कोकणातल्या डायव्हरपुढे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर समुद्र बंद. केवळ प्रकाशावर चालणारे यंत्र चार महिने कपाटाच्या खणात पडून राहिले की त्याचा सेल पार उतरतो, आणि वारंवार पार उतरलेला सेल लवकर म्हातारा होतो. त्याला पावसाळ्यात खिडकीपाशी उजेडात ठेवावे. पण उजेडात म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर नव्हे. बंद गाडीत काचेखाली तापमान साठ अंशांच्या वर जाते आणि लिथियमच्या सेलला उष्णता उपासमारीपेक्षाही वाईट. प्रत्येक वेळी समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, बटणे दाबून मीठ काढून टाकायचे, सावलीत सुकवायचे आणि मग उजेडात ठेवायचे.

सेल संपण्याला एक वैद्यकीय बाजूही आहे, आणि ती गैरसोयीपेक्षा गंभीर आहे. सकाळच्या बुडीनंतर यंत्र पूर्ण बंद पडले आणि दुपारी ते चार्ज करून पुन्हा सुरू केले, तर अनेक मॉडेलमध्ये सकाळचा नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. यंत्राच्या लेखी माणूस कोरा, अंगात मात्र सकाळचा साठा तसाच. त्यानंतर दाखवलेली मिनिटे धोकादायकरीत्या जास्त असतात. म्हणून नियम असा की, पाण्याखाली यंत्र बंद पडले तर बुडी तिथेच संपवायची, सावकाश वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि पुढचे २४ तास पाण्यात उतरायचे नाही. मित्राचे यंत्र मागून घेऊन दुसरी बुडी मारणे हाही तसाच खोटा हिशेब, कारण ते यंत्र मित्राच्या सकाळची कहाणी सांगते. नवरा-बायकोत एक यंत्र आलटून पालटून वापरण्याची काटकसर इथे चालत नाही. अशा घरात महागड्या एका सौर यंत्राऐवजी साधी दोन घेणे अधिक शहाणपणाचे. किमतीतला फरक तेवढा असतो.

मग निवडताना पाहायचे काय? सर्वात आधी, आकडे दिसतात का. हे हास्यास्पद वाटेल, पण हा छंद परवडणारे बरेच जण चाळिशी लागलेले असतात आणि मुखवट्याच्या आत चश्मा घालता येत नाही. सौर मॉडेलचा पडदा वीज वाचवण्यासाठी बहुधा रंगहीन असतो. उन्हात तो सुरेख दिसतो, गढूळ पाण्यात दिवा लावावा लागतो. दुकानात चश्मा काढून, हात लांब धरून, अंधाऱ्या कोपऱ्यात खोली आणि उरलेली मिनिटे वाचता आली नाहीत तर ते यंत्र घेऊ नये, मग सेल वर्षभर चालो. दुसरे, वर येण्याचा वेग जास्त झाला तर यंत्र हाताला जाणवेल असे थरथरते किंवा ऐकू येईल असे वाजते का. तिसरे, सावधपणाची पातळी वाढवता येते का. चौथे, नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा हिशेब त्यात आहे का. पट्टा पोशाखाच्या जाड बाहीवरून बसेल इतका लांब हवा, आणि दुरुस्तीची सोय भारतात आहे का हे विचारून घ्यावे. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक मनगटी मॉडेलना सिलिंडरमध्ये किती हवा उरली हे कळत नाही. त्यासाठी दाबमापक वेगळा पाहावाच लागतो. सोळा कप्प्यांचे गणित बिनचूक चालू असताना हवा संपू शकते.

यंत्राचा सर्वात मोठा उपयोग मात्र उरलेल्या मिनिटांत नाही, वर येण्याच्या वेगात आहे. मिनिटाला नऊ-दहा मीटरांपेक्षा वेगाने वर येऊ नये. पाण्याखाली हा वेग कसा असतो याचा अंदाज माणसाला येत नाही. घाबरलेल्याला तर मुळीच नाही. दहा मीटरवर पूर्ण भरलेल्या छातीतली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. श्वास रोखून कोणी वर झेपावला तर फुप्फुस फाटून हवेचा बुडबुडा थेट मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊ शकतो, आणि त्याला दोन मीटरहून कमी खोलीही पुरते. नायट्रोजनशी याचा संबंध नाही. उथळ पाण्यातल्या नवशिक्यालाही हे होऊ शकते. म्हणून थाळीआधी एकदाच उतरणाऱ्या पर्यटकाने यंत्र घ्यायची गरज नसली, तरी आपल्या प्रशिक्षकाच्या मनगटावर ते आहे का आणि होडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, एवढे जरूर पाहावे.

यंत्राला जे कळत नाही त्याची यादी लांब आहे. आदल्या रात्री दारू झाली, सकाळी होडी लागून उलट्या झाल्या, उन्हात दोन तास पाणी प्यायले नाही, वजन वाढले आहे, वय पंचावन्न आहे, प्रवाहाविरुद्ध पोहून दमछाक झाली, वर आल्यावर नांगर ओढायला हात लावला, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. साधारण चारांतल्या एका प्रौढाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मापूर्वीची झडप पूर्ण बंद झालेली नसते. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण त्या वाटेने बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून पलीकडे जाऊ शकतात. म्हणूनच यंत्राची मर्यादा पाळूनही काही जणांना हा आजार होतो. उरलेली मिनिटे शून्यावर येईपर्यंत खाली रेंगाळणे हे आमदनीतला शेवटचा रुपया खर्च करण्यासारखे आहे. कोरडा दिवस, भरपूर पाणी, पहिली बुडी खोल आणि दुसरी उथळ, सावधपणाची पातळी एक पायरी वर आणि दहा मिनिटे हातची राखून वर निघणे, हे वयाने मोठ्या डायव्हरला सेलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

खरी चूक बऱ्याचदा किनाऱ्यावर परतल्यावर होते. विमानाच्या आतला दाब सुमारे अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावरच्या इतका खाली येऊ शकतो आणि अंगातल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला तेवढे निमित्त पुरते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा आहे: मर्यादेत राहून केलेल्या एकाच बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस उतरल्यास किमान १८ तास विमान टाळावे. वर येताना थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. बहुतेक यंत्रे हा काळ उलट मोजून दाखवतात. अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाने सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावे. तिथे तो जाणारच असतो, आणि तो दिवस कोरडा जातो.

विमानाचे हे अनेकांना माहीत असते. घाटाचे फारसे कोणाच्या डोक्यात येत नाही. हाच सल्ला ६१० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरला जातो, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दोन दिवसांत पाच-सहा बुड्या मारून रविवारी दुपारी तीनला शेवटची आटोपायची आणि 'रात्री जेवायला घरी' म्हणून पाचला आंबोलीचा घाट चढायचा, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे. एका उथळ बुडीनंतर धोका फार थोडा, हे मान्य. पण दिवसभरात तीनदा वीस मीटरवर जाऊन आलेल्याने तो घ्यायचे कारण नाही. शनिवारी उतरावे, रविवारी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. मनगटावरचे यंत्र 'उड्डाण नको' असे दाखवत असेल तर त्यात 'घाट नको' हेही वाचावे.

कारण लक्षणे याच वेळात सुरू होतात. बहुतेकांना पहिल्या काही तासांत, जवळजवळ सर्वांना २४ तासांच्या आत. म्हणजे रुग्ण मालवणच्या रुग्णालयात येतच नाही. तो रात्री उशिरा कोल्हापूर किंवा बेळगावच्या एखाद्या अपघात विभागात 'खांदा धरलाय, पायाला मुंग्या येतात' म्हणत येतो. दिवसभर पोहल्याने स्नायू आखडले असतील असे समजून त्याला वेदनाशामक गोळी मिळते, ठणका कमी होतो आणि मौल्यवान तास जातात. अपघात विभागाच्या केसपेपरवर 'गेल्या २४ तासांत समुद्रात खोल उतरला होतात का' हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात आता छापीलच असायला हवा. आणि विचारले नाही तरी रुग्णाने तो आपणहून सांगायला हवा.

उत्तर 'हो' असेल तर पहिला उपचार म्हणजे आडवे झोपवून मुखवट्याने शंभर टक्के ऑक्सिजन, मग तो नाडीवरच्या क्लिपमध्ये ९९ दिसत असला तरी. तो श्वास लागल्यासाठी नसतो, नायट्रोजन हुसकावण्यासाठी असतो. रुग्ण शुद्धीत असेल तर पाणी पाजावे, नाहीतर सलाईन लावावे. 'पुन्हा पाण्यात नेऊन सावकाश वर आणू' हा किनाऱ्यावरचा गावठी उपाय करू नये. पक्का उपचार दाबाच्या कक्षात, अठरा मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन देऊन होतो आणि एका बैठकीला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. जखमा भरण्यासाठी शहरात उघडलेली प्रत्येक 'हायपरबेरिक' खोली यासाठी सज्ज असेल असे नाही. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाशी संलग्न संस्थेत हा अनुभव आहे. आधी फोन, मग प्रवास. प्रवासही शक्य तितक्या सखल रस्त्याने, ऑक्सिजन चालू ठेवून. मालवणहून निघणार असाल तर घाट चढण्याऐवजी किनारपट्टीच्या महामार्गाने.

आणि मनगटावरचे यंत्र रुग्णाबरोबर पाठवावे, मित्राच्या पिशवीत राहू देऊ नये. प्रत्येक बुडीची खोली, वेळ, वर येण्याचा वेग आणि मधली विश्रांती त्यात नोंदलेली असते. वेदनेने कळवळणारा माणूस 'पंधरा मीटर असेल, अर्धा तास असेल' असे सांगतो. दाबाच्या कक्षातल्या डॉक्टरला ती नोंद पडद्यावर दोन बटणांत दिसते. त्यासाठी तोवर सेलमध्ये जीव मात्र उरलेला हवा.